चिंध्यांची खुर्ची, जुन्या खणांचं कपाट! टाकाऊ वस्तू थेट संग्रहालयात कशी पोहोचली? जाणून घ्या

घरातल्या जुन्या साड्या, फाटके शर्ट, विटलेल्या चादरी यांचं काय होतं? काहींची गोधडी होते, काही बोहारणीला देऊन भांडं घेतलं जातं, उरलेलं फरशी पुसायला. नेदरलँड्सचे डिझायनर तेयो रेमी यांनी १९९१ मध्ये अशाच कपड्यांची खुर्ची बनवली.

खुर्ची उभी कशी राहते?

एका खुर्चीला सुमारे १५ पिशव्या चिंध्या लागतात. कपड्यांचे थर एकावर एक रचायचे, दाबायचे आणि स्टीलच्या पट्ट्यांनी आवळायचे. जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची गाठ बांधतात, तोच हा हिशोब. मोकळा कापूस फुंकरीने उडतो, पण दाबून पट्ट्या मारल्या की १७० किलोची गाठ दगडासारखी होते. कापड फुगायला बघतं, पट्टी त्याला धरून ठेवते. या ओढाताणीतच खुर्चीची ताकद आहे. पट्टी सैल झाली की खुर्ची गेली!

खणांचं कपाट

त्याच वर्षी रेमींनी वेगवेगळ्या जुन्या कपाटांचे खण गोळा केले. कुठलाच खण दुसऱ्याच्या मापाचा नाही. मग प्रत्येक खणाला मॅपल लाकडाची नवी चौकट केली, सगळे वेडेवाकडे रचले आणि ज्यूटच्या पट्ट्याने बांधले. आठवणी खाली ठेवता येत नाहीत, अशा अर्थाचं नाव या कपाटाला दिलंय. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ते जपून ठेवलंय.

किंमत कशाची?

चिंध्या किलोवर विकल्या तर हाती फारसं काही येत नाही. खुर्चीत मोल येतं ते बांधणीला आणि आठवणीला. गिऱ्हाईक स्वतःचे जुने कपडे देऊन ते खुर्चीत घालून घेऊ शकतं. म्हणजे आजीचं लुगडं घरातच राहतं, त्यावर नातवंडं बसतात. आपल्या गोधडीतही हेच आहे. म्हणून गोधडी शिवणाऱ्या बायांनी किंवा बचत गटाने भाव सांगताना फक्त कापड-दोऱ्याचा खर्च धरू नये. टाक्यांना लागलेले दिवसही मोजावेत.

घरी करून बघणार असाल तर

- कपडे धुऊन कडक उन्हात वाळवा. ओल राहिली तर आतून बुरशी धरते.
- जुन्या लाकडाला वाळवी आहे का, ते आधी ठोकून बघा.
- पट्टीच्या कडा धारदार असतात. हातमोजे घाला, टोकं आत वळवा.
- चूल, शेगडी, देवघरातला दिवा यांपासून लांब ठेवा. कापड लगेच पेट घेतं.
- उंदरांचा त्रास असलेल्या किंवा गळक्या खोलीत अशी खुर्ची टिकत नाही.
- आधी लहान पाट किंवा स्टूल करा. त्यावर मोठं माणूस बसून बघू द्या, मगच लेकरांना बसवा.