‘सर्व खर्चासह’ भाडे : न लिहिलेली अट

हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी जवळ असल्याने मुळशी तालुक्यातील महाळुंगे येथे मोठमोठी गृहसंकुले उभी राहिली. २०२१ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. आपल्यातील काही कुटुंबांनी अशा ठिकाणी गुंतवणूक म्हणून सदनिका घेतल्या आहेत, तर काहींची मुले नोकरीनिमित्त तेथे भाड्याने राहतात. म्हणून हा अनुभव दोघांसाठीही.

माझ्या भाच्याने महाळुंग्यात वीज, पाणी व देखभाल शुल्क धरून एकरकमी भाड्याने सदनिका घेतली. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र रात्रभर चालू लागले. मे महिन्याचे वीजदेयक पाहून घरमालकांनी वाढीव रक्कम मागितली. ‘सर्व खर्चासह’ हे शब्द केवळ तोंडी ठरले होते. करारपत्रात फक्त भाड्याचा आकडा होता. दोघेही सज्जन, परंतु बोलणे थांबले. प्रकरण अनामत रकमेपर्यंत पोहोचले, तेव्हा भाच्याने मला बोलावले.

महावितरणच्या घरगुती वीजदरांचे टप्पे असतात : १०० युनिटांपर्यंत, मग ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. टप्पा ओलांडला की पुढील प्रत्येक युनिट महाग पडते. भाडे मात्र स्थिर राहते. ज्याचा हात बटणावर, त्याच्या खिशाला झळ नाही. ज्याच्या खिशाला झळ, त्याचा बटणावर हात नाही. वादाचे मूळ येथेच होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. आमचा करार नोंदणीकृत होता. पण जी अट लिहिलीच नाही, ती सिद्ध करणे दोघांनाही अवघड होते.

अखेर मागील देयके समोर ठेवून तोडगा काढला. दरमहा १५० युनिटांपर्यंतचा खर्च मालकांचा, त्यापुढील भाच्याचा. टँकरच्या पाण्याचा जादा आकार कोणी द्यायचा, दर वाढल्यास काय करायचे, हेही ठरले. मे महिन्याची वाढ दोघांनी निम्मी-निम्मी सोसली. नूतनीकरणाच्या वेळी या अटी करारात आल्या. मीटरवरील आकडाही नोंदवला.

दुकानात सख्ख्या भावाच्या नावेही आपण रक्कम वहीत टाकतो. त्यात अविश्वास नसतो. उद्या मन कलुषित होऊ नये, एवढीच काळजी असते. घराच्या भाड्यालाही हीच रीत लावावी.