पाठीवरच्या काट्यांत दडलेलं नाव

पाणी तापून ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरियर रीफ पांढरी पडल्याची बातमी आता दर एक-दोन वर्षांनी येते. चर्चा प्रवाळांची होते, ती व्हायलाच हवी. पण त्याच प्रवाळांच्या पायथ्याशी, वाळूत, बोटभर लांबीचा एक मासा पोटाखालचे पर टेकवून, डोकं वर करून बसलेला असतो. त्याची विचारपूस कोणी करत नाही. पॅरापर्सिस सिलिंड्रिका, सँडपर्च कुळातला. तो घटला की टिकला हे सांगायचं, तर आधी तो ओळखता यायला हवा. मेख तिथेच आहे.

डोळ्याखालून गालावर उतरणारा गडद पट्टा ही त्याची खूण. पण त्याच्या भाऊबंदांचे पट्टे-ठिपकेही थोडेफार तसेच. त्यात या कुळातल्या अनेक जातींत मासा आधी मादी असतो आणि पुढे नर होतो. पॅरापर्सिस क्लॅथ्राटाच्या नराला कल्ल्याच्या वर डोळ्यासारखा गोल ठिपका असतो, मादीला नसतो. नुसते फोटो पाहणारा त्यांना दोन जाती समजून बसेल.

म्हणून मोजायचं. पाठीवरच्या परात टोचणारे काटे किती? काही सँडपर्चना चार, सिलिंड्रिकाला पाच. त्यांच्यामागे लवणाऱ्या मऊ काड्या २१. खालच्या, शेपटीकडच्या परात एक काटा, १७ काड्या. भिंगाखाली सुईच्या टोकाने एकेक काडी बाजूला सारत हे मोजावं लागतं.

होनोलुलूच्या बिशप म्युझियमचे जॉन रँडल जन्मभर हेच करत राहिले. २०२० मध्ये, वयाच्या ९५व्या वर्षी ते गेले, तोवर त्यांनी माशांच्या आठशेहून अधिक जातींना पहिल्यांदा नाव दिलं होतं. सिलिंड्रिकाचं नाव बर्लिनचे डॉक्टर ब्लॉख यांनी १७९२ मध्ये ठेवलेलं. या जातीचा गोतावळा रँडल यांनी २००३ मध्ये नव्याने तपासला आणि त्यातून दोन नव्या जाती निघाल्या. एकीच्या तोंडापासून डोळ्यापर्यंत काळी रेघ आहे! दोनशे वर्षांनंतरही असं काही हाती लागतं, ते अशा चिवट माणसांमुळे. रीफवरच्या माशांच्या गणतीच्या तक्त्यात नुसतं 'सँडपर्च' लिहून पुढे जाणं मला म्हणूनच पटत नाही.

नाव काट्यांतून कळतं, तसं वय कानातून. घोळ मासा खाणाऱ्यांनी त्याच्या डोक्यातला पांढरा खडा पाहिला असेल. सिलिंड्रिकाच्या कानातही तसाच, पण इवलासा खडा असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच्या चकत्या करून आतली वर्तुळं वाचली, तेव्हा मादीचा नर झाल्याची खूणही तिथे उमटलेली दिसली. आणि वय? जेमतेम वर्षभर. एवढ्या आयुष्यात त्याच्या वाट्याला उन्हाळा येतो तो एकच.