दोन ते आठ अंशांतली आरएनए लस

संदेशवाहक आरएनए हा पेशीतला अल्पायुषी रेणू. डीएनएमधली माहिती प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचवायची आणि नाहीसे व्हायचे, एवढेच त्याचे काम. आरएनए लसीत हाच रेणू प्रयोगशाळेत घडवून टोचला जातो. विषाणूच्या एखाद्या प्रथिनाची कृती त्यात लिहिलेली असते. पेशी ते प्रथिन स्वतःच तयार करतात, आणि रोगप्रतिकारशक्ती त्याची ओळख पटवून सज्ज राहते. जिवंत किंवा मृत विषाणू शरीरात जातच नाही.

ही कल्पना बरीच जुनी. पण खुद्द रोगप्रतिकारशक्तीच आडवी येत होती. बाहेरचा आरएनए आला की पेशींना ती विषाणूची चाहूल वाटे आणि दाह सुरू होई. १९८५ मध्ये हंगेरीहून अमेरिकेत गेलेल्या काटालिन कारिको या प्रश्नावर वर्षानुवर्षे अडून होत्या. अनुदान मिळेना, आणि १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणले. तिथेच त्यांची गाठ ड्रू वाइसमन या रोगप्रतिकारशास्त्रज्ञाशी पडली, तीही झेरॉक्स मशीनपाशी. वाइसमन एचआयव्हीवरील लसीच्या शोधात होते. शरीराच्या स्वतःच्या आरएनएमध्ये काही घटक रासायनिकदृष्ट्या बदललेले असतात, प्रयोगशाळेतल्या आरएनएमध्ये नसतात, हा फरक दोघांनी हेरला. युरिडिनच्या जागी स्यूडोयुरिडिन घातल्यावर दाह शमला. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा फारशी कोणी दखल घेतली नाही. नोबेल मिळाले २०२३ मध्ये, म्हणजे त्या पदावनतीनंतर २८ वर्षांनी.

दाहाचा प्रश्न सुटला तरी रेणूचा नाजूकपणा उरलाच. त्याला मेदाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळावे लागते. फायझरची कोविडवरची आरएनए लस सुरुवातीला उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी लागे, मॉडर्नाची उणे २० अंशांना. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ किंवा सुरगाणा तालुक्याचा विचार केला तर ही अट किती अवघड आहे ते कळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस राहते ती आयएलआरमध्ये, म्हणजे बर्फाचे अस्तर असलेल्या शीतपेटीत, दोन ते आठ अंशांना. तिथून पाड्यांपर्यंत ती आइसपॅक घातलेल्या व्हॅक्सिन कॅरियरमधून जाते. देशाचे नेहमीचे लसीकरण याच साखळीवर चालते. उणे ७० अंशांची साखळी गावोगाव उभारणे परवडणारे नव्हते.

म्हणूनच पुण्यातल्या कामाला महत्त्व आहे. हिंजवडीची जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही एमक्युअर समूहातली कंपनी. तिचे प्रमुख डॉ. संजय सिंह पूर्वी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मलेरियाच्या लसीवर काम करत होते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने कंपनीने कोविडसाठी आरएनए लस विकसित केली. जून २०२२ च्या अखेरीस ‘जेमकोव्हॅक-१९’ला १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. देशात तयार झालेली ही पहिली आरएनए लस, आणि ती साध्या वैद्यकीय फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंशांना राहू शकते.

जून २०२३ मध्ये परवानगी मिळालेली ‘जेमकोव्हॅक-ओएम’ ही ओमिक्रॉनसाठीची वर्धक लस आहे. तिच्यातला आरएनए पेशीत शिरल्यावर स्वतःच्या प्रती काढतो. त्यासाठी लागणाऱ्या विकराची कृती त्याच रेणूत जोडलेली असते, त्यामुळे थोड्या मात्रेत अधिक प्रथिन तयार होते. नवा विषाणू मात्र तयार होऊ शकत नाही, कारण विषाणूचे कवच घडवणारी जनुके त्यात नसतात. ही लस कोरड्या पुडीच्या रूपात साठवतात आणि सुईविना, विशेष उपकरणाने त्वचेत देतात. चाचणीत तिची तुलना पुण्याच्याच कोव्हिशील्डशी झाली. ओमिक्रॉनविरुद्धची प्रतिपिंडे नव्या लसीने अधिक वाढवली.

कोविडपुरते पाहिले तर हे यश उशिरा आले. पहिल्या परवानगीनंतर तीन आठवड्यांच्या आत, १७ जुलै २०२२ रोजी, देशाने २०० कोटी डोसांचा टप्पा गाठला, तोही मुख्यतः कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिनच्या बळावर. तरी हा खटाटोप वाया गेला असे म्हणता येत नाही. विषाणूने रूप बदलले की आरएनएमधला मजकूर तेवढा बदलायचा, उत्पादनाची पद्धत तीच राहते. ओमिक्रॉनची लस पहिल्या लसीनंतर वर्षभरातच परवानगीपर्यंत पोचली ती यामुळेच.