श्रवणदोष व समूहातील संभाषण

श्रवणशक्ती मंदावलेल्या व्यक्तीस शांत खोलीत एकाचे बोलणे बहुधा समजते. परंतु पंगत, उपाहारगृह वा कौटुंबिक मेळावा अशा ठिकाणी अनेकांचे आवाज मिसळले की, आवाज ऐकू येऊनही शब्द उमगत नाहीत. अशी व्यक्ती विसंगत उत्तर देते किंवा नुसतीच मान डोलावते. इतरांना ते दुर्लक्ष वाटते आणि ती व्यक्ती हळूहळू चारचौघांत जाणेच टाळू लागते.

कारणे : गोंगाटातून एकच आवाज कसा निवडला जातो, या प्रश्नावरील प्रयोग ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. ध्वनी दोन्ही कानांवर पोहोचण्याच्या वेळेत व त्याच्या तीव्रतेत सूक्ष्म फरक पडतो. वेळेतील फरक १ मिलिसेकंदाहूनही कमी असतो. तरी त्यावरून निरोगी श्रवणात मेंदू ध्वनीची दिशा ओळखतो व हवा तो आवाज निवडतो. अंतर्कर्णातील केशकोशिकांची हानी झाल्यास जवळजवळच्या कंप्रतांचे ध्वनी वेगळे करण्याची क्षमता घटते. वार्धक्यात सामान्यतः उच्च कंप्रतेचे ध्वनी प्रथम दुरावतात. त्यामुळे स्वर ऐकू आले, तरी स, श, त यांसारखी क्षीण व्यंजने गोंगाटात बुडतात व ‘सार’ आणि ‘तार’ हे शब्द सारखेच भासू शकतात.

उपाय : केवळ आवाज मोठा करून ही अडचण सुटत नाही, कारण त्याबरोबर गोंगाटही वाढतो. गोंगाटाच्या तुलनेत बोलण्याची पातळी उंचावणे, हे सर्व उपायांचे सूत्र होय. मोकळ्या जागेत बोलणाऱ्याचे अंतर निम्मे केल्यास ही पातळी सुमारे ६ डेसिबेलने वाढते. समोरचा आवाज प्राधान्याने टिपणारे श्रवणयंत्र किंवा बोलणाऱ्याजवळ ठेवलेला बिनतारी ध्वनिग्राहक यांचाही उपयोग होतो. बोलणाऱ्याचा चेहरा दिसल्यास गोंगाटातही अधिक शब्द ओळखता येतात, असे सम्बी व पोलॅक यांनी १९५४ मध्ये दाखविले. मात्र प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. म्हणून डोळा कानाची जागा घेऊ शकत नाही, त्यास पूरक ठरतो.

यास्तव बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा, एका वेळी एकानेच बोलावे व विषय बदलल्यास तो सांगावा. ओरडल्याने उच्चार बिघडतो. त्याऐवजी न समजलेले वाक्य वेगळ्या शब्दांत सांगणे हितावह ठरते. यांतील बहुतेक उपायांना खर्च नाही. मात्र ते श्रोत्यापेक्षा बोलणाऱ्यांनीच करावयाचे असतात.