आकाशवाटा (लेखांक ७) : लांबची वाट, लवकरची पोच

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब? मागच्या आठवड्यात आपण पृथ्वीगोलावर दोरा ताणून दोन शहरांमधले सर्वांत कमी अंतर मोजले. तसाच दोरा इथे ताणला, तर अंतर भरते सुमारे १२,४०० किलोमीटर. दोरा हिमालय आणि सैबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावरून जातो आणि अमेरिकेत उतरतो.

विमान मात्र असे नाकासमोर जात नाही. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार किलोमीटर. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर विमान तातडीने तीन किलोमीटरच्या आसपास खाली आणावे लागते. आणि इथे जमीनच त्याहून वर आहे. म्हणून या पठाराला वळसा घालायचा, पश्चिमेकडून किंवा पूर्वेकडून.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली तेव्हा विमान पश्चिमेकडून, युरोप आणि अटलांटिकवरून जाई. ही वाट सुमारे १४,००० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, आणि तरीही विमान साडेचौदा तासांत पोचले, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास लवकर! भागाकार करून पाहा : ताशी सरासरी १,०५५ किलोमीटर. बोइंग ७७७ स्वतःच्या बळावर ताशी नऊशेच्या आसपास उडते. वरचे दीडशे वाऱ्याने दिले.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अरुंद, वेगवान झोत. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकातून तो जन्मतो. हिवाळ्यात हा फरक वाढतो आणि झोत अधिक जोर धरतो. जपानवर आणि त्यापुढच्या पॅसिफिकवर तर त्याचा जोर विशेष. तो पहिल्यांदा नीट मोजला तोही जपानमध्येच, वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने, १९२०च्या दशकात फुगे सोडून. जगाला कळावे म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. इतके मोलाचे काम असे पडून राहावे, याची मला आजही हळहळ वाटते.

इंजिन इंधन जाळते ते मुख्यतः हवेत काढलेल्या वेळाच्या हिशेबाने. खाली किती जमीन मागे पडली, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. त्यामुळे लांबची वाट इंधनातही परवडते. परतताना विमान पुन्हा पूर्वेकडेच, अटलांटिकवरून यायचे. जाऊन-येऊन एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा, आणि दोन्ही वेळा वारा पाठीशी!

मुंबई-लंडन प्रवासात ही सोय नाही. तिथे जाताना वारा समोरून येतो, म्हणून जाण्याला येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मुलांना भेटायला परदेशी निघालेल्या आईवडिलांनी तिकिटावरचे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. हा फरक कंपनीच्या वेळापत्रकातली चूक नव्हे.

पॅसिफिकवरून जाताना विमान आंतरराष्ट्रीय वाररेषाही ओलांडते, आणि तारीख एक दिवस मागे जाते. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.