दयेचे गुण आणि हक्काचे गुण

बंगालचे आणि इंग्लिश खाडीचे नाते जुने आहे. १९५८ साली मिहिर सेन यांनी आणि त्यांच्या पाठोपाठ १९५९ साली आरती साहा यांनी ही खाडी पोहून पार केली. १९९७ साली त्याच बंगालमधील मासुदुर रहमान वैद्य यांनीही ती पार केली. आणि त्यांचे दोन्ही पाय लहानपणीच आगगाडीच्या अपघातात गुडघ्याखाली गेलेले होते. २००१ साली त्यांनी जिब्राल्टरची सामुद्रधुनीही ओलांडली. आता अशी कल्पना करावी की, असाच एखादा मुलगा कोलकात्यातील एका शाळेच्या पटांगणात ६०० मीटर धावण्याच्या चाचणीस हजर झाला आहे. त्याच्या नावापुढे काय लिहिले जाईल? एक तर शून्य, नाही तर 'सूट'. त्याच्या छातीत किती दम आहे, हे ह्या दोहोंपैकी एकाही शब्दावरून कळावयाचे नाही.

तिसराही एक मार्ग आहे, आणि तो सर्वांत सभ्य दिसतो. शिक्षक मनाने चांगले असतात. ते त्या मुलास कडेला बसवितात, गुणफलक लिहावयास देतात आणि अखेरीस बरे गुण देऊन टाकतात. परंतु ह्या दयेचा अर्थ मुलाला बरोबर कळतो. "तुझ्याकडून आमची काही अपेक्षा नाही," असेच ते गुण त्याला सांगत असतात. शून्याने अपमान होतो हे सर्वांस दिसते. दयेच्या गुणांनीही तो होतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

मग न्याय्य मूल्यमापन म्हणजे काय? त्यासाठी चाचणी कशाकरिता घेतली जाते, हे प्रथम पाहिले पाहिजे. ६०० मीटरची धाव पायांच्या कौतुकासाठी नसते. ती हृदयाचा व फुप्फुसांचा दमसास मोजण्यासाठी असते. पाय हे तेथे केवळ साधन आहे. साधन बदलले तरी साध्य तेच राहू शकते, एवढे तत्त्व ध्यानात ठेवले की पुढची वाट सोपी होते.

ह्या वाटेवर तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी बहिऱ्या मुलाची. त्याला चाचणी निराळी नको, फक्त इशारा निराळा हवा. शिटी ऐकू येत नसेल तर निशाण खाली करावे; तो इतरांबरोबरच धावेल. दुसरी पायरी अंध मुलीची. तिलाही धावच द्यावी, मात्र सोबत वाट दाखविणारा एक जोडीदार द्यावा. तिसरी पायरी चाकांच्या खुर्चीवरील मुलाची. येथे मात्र चाचणीच बदलावी लागते. गरज असेल तेवढाच बदल करावा, त्याहून अधिक नाही आणि कमीही नाही, असा हा क्रम आहे.

अशा बदललेल्या चाचण्या शिक्षकाने मनाने रचावयाच्या नसतात. अमेरिकेतील ब्रॉकपोर्ट येथे विनिक व शॉर्ट ह्या अभ्यासकांनी दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी २७ चाचण्यांचा एक संच सिद्ध केला. त्यांतील एका चाचणीत मुलाने कोणत्याही व्यायामाने, मग तो खुर्ची ढकलण्याचा असो वा पोहण्याचा, नाडीची गती ठरलेल्या मर्यादेत पंधरा मिनिटे टिकवावयाची असते. दुसरीत खुर्चीच्या हातांवर तळहात टेकून अंग वर उचलून धरावयाचे असते. उद्दिष्ट वीस सेकंदांचे. ही चाचणी वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु जो दिवसभर बसून असतो, त्याच्या अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून आणि खुर्चीवरून खाटेवर आपले आपण जाता यावे म्हणून हेच बळ कामी येते. म्हणजे ही चाचणी त्याच्या जगण्याचीच मोजणी करते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने बारावीच्या शारीरिक शिक्षणात हा संच स्वीकारला आहे. ह्या मंडळाशी संलग्न शाळा कोलकात्यातही आहेत. विषयाच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. दिव्यांग विद्यार्थ्याने दमसास, शरीराची घडण, स्नायूंचे बळ आणि सांध्यांची लवचिकता ह्या चार अंगांतून प्रत्येकी एक अशा चार चाचण्या द्याव्यात, अशी योजना आहे. खेळातील नैपुण्यासाठीही बोचिया, गोलबॉल, अंधांचे क्रिकेट, बसून खेळावयाचा व्हॉलीबॉल असे पर्याय त्याला मोकळे आहेत. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानेही इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी आणि परीक्षापद्धतीत योग्य ते फेरफार ही शासनाची व शाळांची जबाबदारी ठरविली आहे. म्हणजे दयेची जागा आता हक्काने घेतली आहे.

एक आक्षेप मात्र नेहमी घेतला जातो. "हे सोपे करून दिलेले नाही का? मग बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?" आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही स्पष्ट असावे. कोणती चाचणी आणि किती उद्दिष्ट, हे परीक्षेच्या दिवशी नव्हे, तर वर्षाच्या आरंभी, वैद्यकीय सल्ला घेऊन आणि मुलाला व पालकांना विचारून लिहून ठेवावे. मग उद्दिष्ट गाठले नाही तर गुण कमीही द्यावेत. ज्या चाचणीत नापास होता येत नाही, तिच्यात पास होण्याचा आनंदही नसतो.

अडचण उरते ती शिक्षकाच्या माहितीची. परंतु ह्या बाबतीत कोलकाता भाग्यवान आहे. येथील मूकबधिर विद्यालय १८९३ पासून आणि अंध विद्यालय १८९७ पासून चालू आहे. मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांसाठीची संस्था १९७४ पासून काम करीत आहे. अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव साठलेला असतो. सामान्य शाळेतील व्यायामशिक्षकाने एखादी दुपार तेथे घालविली, तर पुस्तकातील पुष्कळ कोडी सुटतील.

अखेर गुणपत्रिका म्हणजे शाळेने मुलाविषयी दिलेली साक्ष होय. साक्ष कठोर असली तरी चालेल, पण ती खरी असावी. कडेला बसलेला मुलगा गुणफलकावर इतरांचे आकडे लिहीत असतो. त्याचाही एक आकडा तेथे असावा, आणि तो त्याने स्वतः मिळविलेला असावा.