ट्यूलिपचे शेत : फुलांसाठी नव्हे, कंदांसाठी!

एप्रिलच्या मध्यावर हॉलंडमध्ये हार्लेमहून लायडनला आगगाडीने गेलात, तर वाटेत लाल, पिवळे, जांभळे पट्टे अंथरलेले दिसतील. ती ट्यूलिपची शेते होत. छायाचित्र घ्यायला मात्र उशीर करू नका. फुले पुरती उमलली, की थोड्याच दिवसांत शेतकरी ती यंत्राने छाटून टाकतो!

इतकी सुंदर फुले का बरे छाटायची? शेतकऱ्याला हवा असतो जमिनीतील कंद. फूल राहिले तर बी धरते आणि पानांनी तयार केलेले अन्न त्यात खर्च होते. फूल काढून पाने राखली, की तेच अन्न कंदात साठते. आपल्याकडे डेंगळा आलेला कांदा नीट पोसत नाही, त्यातलाच हा प्रकार. उन्हाळ्यात हे पोसलेले कंद काढून विकतात.

म्हणून छायाचित्र शेताच्या कडेवरूनच घ्या. उकिडवे बसून कॅमेरा फुलांच्या उंचीवर धरा. ओळी दूरवर जुळत गेलेल्या दिसतील. आत पाऊल टाकू नका. रोपे तुडवली जातातच, शिवाय बुटांच्या मातीबरोबर रोगही एका शेतातून दुसऱ्यात जातो. तुम्हाला दिसते ते फूल. शेतकऱ्याचे पीक तुमच्या पायाखाली असते!